बालवर्गात लिहायला शिकवताना: नव्या ताई-दादांसाठी

बालवर्गावर रुजू झालं की पहिल्याच दिवशी हातात तीन गोष्टी पडतात: हजेरीपट, खडूचा डबा आणि नव्याकोऱ्या वह्यांचा गठ्ठा. पहिल्या दोन ठेवून घ्या आणि वह्या कपाटात टाका. माझ्या पहिल्या वर्षी मी उलटं केलं होतं. फळ्यावर मोठा 'अ' काढला, सगळ्यांना वह्या वाटल्या आणि 'पानभर काढा' म्हणाले. पंधरा मिनिटांत दोघांची टोकं मोडली, एकाच्या वहीचं पान फाटलं. एका मुलीने मात्र पान खरंच भरलं होतं. तिने आधी पानभर 'अ'च्या डाव्या बाजूची वळणं काढली, मग पानभर उभे दांडे ओढले, शेवटी जोडायच्या रेघा मारल्या. पान पूर्ण झालं होतं, पण 'अ' तिला एकदाही लिहावा लागला नव्हता.

गिरवणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, एवढं त्या दिवशी डोक्यात शिरलं. पुढचं सगळं त्यातून सुचत गेलेलं आहे.

आधी नुसतं बघा

पहिले दोन-तीन आठवडे काही शिकवायचं नाही. मोठे कागद आणि रंगीत खडू मांडून ठेवा, मुलांना हवं ते काढू द्या आणि प्रत्येकाच्या नावापुढे तीन नोंदी करा. कुठला हात पुढे येतो? खडू कसा धरतो? कुठले आकार आपणहून काढतो?

आकारांचा एक क्रम बहुतेक मुलांत दिसतो. बघून उभी रेघ काढणं दोन वर्षांच्या आसपास जमतं, आडवी त्यानंतर. बंद गोल साधारण ३ वर्षांचं मूल काढतं, अधिकचं चिन्ह ४ वर्षांचं. चौकोन साडेचार-पाचला येतो. तिरकी रेघ सगळ्यात दमवते. फुली पाचच्या सुमारास जमते, त्रिकोण त्याच्याही थोडा पुढे. सहा-आठ महिने इकडेतिकडे झाले तर काळजीचं कारण नाही. पण ज्याला अजून फुली काढता येत नाही त्याला तिरक्या पायाचा 'र' काढायला लावून 'लक्ष नाही याचं' असं म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

यामागे शरीरही आहे. मोठ्या माणसाच्या मनगटात ८ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती बहुधा सगळी कूर्चेची असतात आणि पुढे एकेक करून कडक होतात. शेवटच्या हाडाची पाळी येईपर्यंत मूल ८ ते १२ वर्षांचं होतं. चार वर्षांच्या मुलाचा हात म्हणजे आपल्या हाताची छोटी प्रत नव्हे, त्याचं बांधकाम अजून चालू आहे.

हात तयार करण्याचे दिवस

लेखनाचा सराव बोटांपासून सुरू होतो असं वाटतं, पण तो खांद्यापासून सुरू होतो. खांदा स्थिर नसेल तर कोपर भरकटतं, आणि कोपर भरकटलं की मनगट व बोटं सगळी ताकद पेन्सिल आवळण्यातच घालवतात. म्हणून लोंबकळणं, रांगत जाणं, ढकलणं-ओढणं, चेंडू फेकणं हे खेळ लेखनाच्या तासात धरले तरी चालतील. वरिष्ठांनी विचारलं तर बिनधास्त सांगा, लेखनाचीच तयारी चालू आहे.

बोटांसाठी माती मळणं, तिच्या लांब वळ्या करणं, मणी ओवणं, कागद फाडून चिकटवणं, कात्रीने कापणं, ओला स्पंज पिळणं, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावणं. यातलं चिमट्याचं काम मला विशेष आवडतं, कारण चिमटा दाबायला अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट लागतं, आणि पेन्सिल धरायलाही हीच तीन बोटं लागणार आहेत.

दुसरी युक्ती उभ्या फळ्याची. भिंतीवर मुलांच्या खांद्याच्या उंचीला फळा किंवा मोठा कागद लावा. उभ्या पृष्ठभागावर लिहिताना मनगट आपोआप किंचित मागे वळतं, आणि टेबलावर लिहिताना आपल्याला नेमकी हीच स्थिती हवी असते. ओल्या फडक्याने किंवा ब्रशने फळ्यावर पाण्याच्या रेघा ओढायला द्या. त्या वाळून नाहीशा होतात, चूक मागे राहत नाही, आणि भित्री मुलंही पुढे येतात.

तिसरी युक्ती फुकटची आहे. खडूचे आणि मेणखडूचे तुकडे फेकू नका. बोटाच्या पेराएवढा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो तीन बोटांतच धरावा लागतो. 'असं धर, तसं धर' हे दिवसातून वीसदा सांगण्यापेक्षा तुकडा हातात देणं बरं.

पकड, बैठक आणि डावरी मुलं

पकडही पायरीपायरीने येते. आधी मूठ, मग सगळी बोटं वरून खाली रोखलेली, मग चार-पाच बोटांची अवघडलेली पकड, आणि पाच-सहा वर्षांच्या सुमारास तीन बोटांची. तीन वर्षांच्या मुलाची मूठ सोडवायला जाऊ नका. पाच पूर्ण झालेल्याची मात्र सोडवा, कारण सवय एकदा मुरली की निघता निघत नाही. पेन्सिल जाड, शक्यतो तिकोनी आणि मऊ गडद शिशाची असावी. फिक्या शिशाने मूल दाब वाढवतं आणि मग बोटं दुखतात.

बसताना पाय जमिनीला टेकायला हवेत. टेकत नसतील तर खाली पाट किंवा खोका ठेवा. लोंबत्या पायांनी मूल तोल सांभाळण्यातच गुंततं. ज्या हाताने लिहीत नाही तो हात कागद धरायला वर असावा. तो खाली लोंबत असेल तर कागद फिरतो आणि ओळही फिरते.

डावरी मुलं साधारण दहात एक असतात, म्हणजे तुमच्या वर्गात दोन-तीन निघतीलच. हात बदलायला लावू नका, हे सांगायची गरज पडू नये, पण अजूनही पडते. बाकीची काळजी तीन गोष्टींत आटोपते. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे डावरं मूल आत्ताच लिहिलेलं हाताखाली झाकतं; त्याला पेन्सिल टोकापासून थोडी वर धरायला शिकवा. कागदाची वरची कड उजवीकडे कलती ठेवा (उजव्या हाताच्या मुलांसाठी डावीकडे). आणि बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवा, नाहीतर शेजाऱ्याच्या कोपराशी दिवसभर युद्ध.

रेघेकडून अक्षराकडे

देवनागरीची बहुतेक अक्षरं थोड्याच घटकांतून बनतात: उभा दांडा, आडवी रेघ, अर्धगोल, पूर्ण गोल, गाठ, तिरका पाय. हे घटक आधी सुटे, मोठे आणि हवेत. पूर्ण हात फिरवून हवेत अर्धगोल, मग मित्राच्या पाठीवर बोटाने, मग वाळूच्या ताटात. पूर्वी धूळपाटीवर अक्षरं काढत, 'धुळाक्षरं' हा शब्द त्यातूनच आला आहे. वाळूच्या ताटाइतकं स्वस्त आणि चांगलं साधन मला अजून सापडलेलं नाही. ताट हलवलं की चूक गेली.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केलं. तिथे त्या खरखरीत कागदाची कापलेली अक्षरं मुलांना तर्जनी आणि मधल्या बोटाने गिरवायला देत आणि त्याच वेळी अक्षराचा आवाज म्हणायला लावत. डोळा, बोट आणि कान एकाच वेळी कामाला लागतात, ही त्यातली खुबी. अशी अक्षरं पॉलिश कागद कापून, पुठ्ठ्यावर चिकटवून एका संध्याकाळी तयार होतात. पुठ्ठ्यावर सुरुवातीच्या जागी एक ठसठशीत ठिपका काढा. बोट कुठे ठेवायचं हा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

इथेच ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांबद्दल बोलून घेते. बाजारच्या पुस्तकांत ती भरपूर असतात आणि मुलंही खूश असतात, पण मूल तिथे अक्षर लिहीत नाही, ठिपके जोडतं. खालून वर जोडलं काय, उलट्या दिशेने जोडलं काय, चित्र सारखंच दिसतं. चुकीची दिशा अशी हातात बसली की पुढे वेगाने लिहिताना त्रास देते. त्यापेक्षा सुरुवातीचा एक ठिपका आणि बाजूला एक बाण पुरे.

कोणतं अक्षर आधी?

वर्णमाला 'अ'पासून सुरू होते, म्हणून लेखनही 'अ'पासून, हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या जागांवर बेतलेला आहे, हाताच्या सोयीवर नाही. 'अ'मध्ये दोन अर्धगोल, एक जोडरेघ आणि दांडा एवढं सगळं एकत्र येतं. 'इ', 'ई' आणि 'ऋ' तर विचारूच नका.

हाताच्या सोयीने गट करा. मी सुरुवात 'ग, म, न' या दांड्याच्या गटाने करते, मग 'त, ल'. दुसरा गट 'व, ब, क': 'व' आला की त्याच्या पोटात तिरकी रेघ दिली की 'ब', आणि दांड्याच्या उजवीकडे आकडा काढला की 'क'. तिसरा 'प, ष, फ', तिथेही हीच गंमत. चौथा 'ट, ठ, ढ, द', सगळ्यांना डोक्यावरून लोंबणारा छोटा देठ. 'र, स, ख' तिरक्या पायामुळे थोडे उशिरा घ्यावेत असं मन म्हणतं, पण 'र' शब्दांसाठी इतका लागतो की मी तो पहिल्या गटाच्या शेवटी घेतेच. स्वर, आणि 'ह, झ, क्ष, ज्ञ' यांसारखी वळणदार मंडळी शेवटी.

एक अक्षर कसं घ्यायचं ते 'म'वरून सांगते. आधी आवाज: 'म'ने सुरू होणारे शब्द मुलांकडूनच काढून घ्यायचे. त्यांच्या तोंडून 'मामा', 'मांजर', 'माती' येतं. मग फळ्याकडे तोंड करून, म्हणजे मुलांकडे पाठ करून, हवेत अक्षर काढायचं. मुलांसमोर उभं राहून काढलंत तर त्यांना ते आरशातलं दिसतं. ही चूक मी महिनाभर केली. हात फिरवताना बोलायचं: 'खाली या, गाठ मारा, आडवे चला, दांडा ओढा.' हेच शब्द दर वेळी, बदल न करता. मुलं दुसऱ्या दिवसापासून ते गुणगुणतात आणि लिहिताना स्वतःलाच सांगतात. मग वाळू, मग फळा, मग कागद. कागदावर तीन 'म' काढायचे आणि त्यातला सर्वांत चांगला कोणता ते मुलानेच ठरवून त्याभोवती गोल करायचा. पानभर 'म' काढण्यापेक्षा या तीन 'म'कडे मूल जास्त लक्ष देतं. चाळीसाव्या 'म'ला हात थकलेला असतो आणि अक्षर पहिल्यापेक्षा वाईट येतं, म्हणजे वाईट अक्षराचाच सराव होतो.

शिरोरेषा शेवटी द्या. एकेक अक्षर पूर्ण करून त्यावर तुकडा-तुकडा रेघ मारण्यापेक्षा शब्द संपल्यावर सगळ्या अक्षरांवर एकच रेघ ओढली की शब्दांमध्ये जागा सोडायची सवयही आपोआप लागते: जिथे छप्पर संपलं तिथे शब्द संपला. आपली अक्षरं वरच्या रेघेला लोंबतात, रोमन अक्षरांसारखी खालच्या रेघेवर बसत नाहीत. दोन्ही लिप्या एकाच वर्षी शिकवायची वेळ आली तर वेगवेगळ्या आखणीच्या वह्या वापरा, नाहीतर मूल दोन्हीकडे अधांतरी लिहितं.

'ल' आणि 'श' यांची दोन-दोन रूपं छापलेली दिसतात. शाळेच्या पुस्तकात जे रूप असेल तेच फळ्यावर आणि तक्त्यावर ठेवा. तुमचं स्वतःचं वळण कितीही सुरेख असलं तरी बालवर्गात ते बाजूला.

पाच-सहा अक्षरांवरच शब्द सुरू

सगळी मुळाक्षरं संपेपर्यंत थांबू नका. 'ग, म, न, र, त, ल' आणि काना एवढ्या भांडवलावर मगर, नगर, गरम, मामा, नाना, नाग, राग, गाल, तार, लगाम इतके शब्द होतात. 'मगर' लिहिता येणं ही पाच वर्षांच्या मुलासाठी फार मोठी गोष्ट असते. लिहिल्या लिहिल्या ते चित्र काढतंच.

वेलांटीपाशी एक अडचण ठरलेली. 'पि' म्हणताना कानाला आधी 'प' ऐकू येतो, पण पहिली वेलांटी 'प'च्या डावीकडे उभी राहते. मूल ऐकलेल्या क्रमाने लिहायला जातं आणि वेलांटी पुढच्या अक्षरावर टाकतं. मी आधी 'प' काढायला सांगते, मग मागे येऊन वेलांटी. डावीकडे जागा सोडायची सवय लागायला दोन आठवडे जातात.

मूल स्वतः लिहू लागतं तेव्हा

गेल्या काही वर्षांत मी एक टेबल कायम मांडून ठेवते: कागदाचे तुकडे, पेन्सिली, जुने लिफाफे. कुणी चित्र काढतं, कुणी यादी करतं, कुणी मला पत्र लिहितं. सुरुवातीला त्यात नुसत्या रेघोट्या असतात, पण डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या. मग अक्षरांसारखे दिसणारे आकार, मग नावातली अक्षरं उलटसुलट, मग आवाज ऐकून लिहिलेले शब्द.

एका मुलाने मगरीचं चित्र काढून खाली लिहिलं होतं: 'मगर पणत'. सोबत काम करणाऱ्या ताई म्हणाल्या, 'पणती म्हणायचं असेल.' मी त्यालाच वाचायला सांगितलं. त्याने बोट ठेवून वाचलं, 'मगर पाण्यात.' आता त्याला काय काय येतं ते बघा. 'मगर' बिनचूक. 'पाण्यात'मधले 'प', 'ण', 'त' तिन्ही योग्य क्रमाने. दोन शब्दांत जागा. काने आणि जोडाक्षर राहिलं. अशा कागदावर लाल पेन चालवलं तर तो पुढच्या वेळी फक्त 'मगर' लिहील, कारण तेवढंच त्याला सुरक्षित वाटेल. मी एकच केलं. 'पाऽऽण्यात' असं लांबवून म्हटलं आणि विचारलं, 'प एकटाच आहे का रे?' त्याने काना दिला. जोडाक्षराबद्दल मी चकार शब्द काढला नाही. ते पुढच्या इयत्तेचं काम.

एका वेळी एकच सुधारणा, तीही ज्याची पायरी आली आहे तीच. आणि मुलाच्या कागदावर आपण लिहायचं नाही. शुद्ध रूप दाखवायचं तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून शेजारी ठेवा.

ज्यांना अजून लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं आणि आपण लिहायचं. त्यांच्या डोळ्यांदेखत, हळू, त्यांचेच शब्द. 'माझा बूट हरवला आणि मी रडलो नाही.' हे वाक्य तसंच्या तसं उतरवा, सुधारू नका. बोललेलं कागदावर राहतं आणि उद्या पुन्हा तसंच वाचता येतं, हे कळल्यावर लिहायची हौस आपली आपण येते.

उलटी अक्षरं आणि जुळ्या बहिणी

साधारण ७ वर्षांपर्यंत मुलं आरशातली अक्षरं काढतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घरातली खुर्ची कुठूनही पाहिली तरी खुर्चीच असते. डावं-उजवं बदललं की वस्तूच बदलते असा अनुभव मुलाला अक्षरांपूर्वी आलेलाच नसतो. त्यात आपले ३ आणि ६ तर जवळजवळ एकमेकांचे आरसेच. हे दोन आकडे एकाच आठवड्यात शिकवू नका.

तेच 'घ-ध', 'भ-म', 'थ-य', 'ब-व' यांचं. एक पक्कं झाल्यावर निदान दोन आठवड्यांनी दुसरं घ्या, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून फरक मुलांना शोधायला सांगा. 'ध'च्या आणि 'भ'च्या डोक्यावर शिरोरेषा तुटते, हे त्यांनी शोधलं तर लक्षात राहतं. 'ख' सुटा लिहिला तर 'रव' वाचला जातो. तो पायाशी जोडून लिहायला पहिल्यापासून शिकवा.

वही, खोडरबर आणि वेळ

वही कधी काढायची? मूल फळ्यावर अक्षर योग्य दिशेने, न बघता, पाठोपाठ तीनदा काढू शकलं की. आधी कोरा कागद, मग मोठ्या चौकटी, मग दुरेघी. चार वर्षांच्या मुलांना सलग पाच-सात मिनिटं पुरेत, सहाच्या जवळ आलेल्यांना दहा-पंधरा. खोडरबर माझ्या वर्गात नाही. चुकलं तर त्यावर एक रेघ मारायची आणि शेजारी पुन्हा काढायचं. रबर असला की अर्धा तास खोडण्यात जातो आणि मूल काय चुकलं होतं ते मलाही दिसत नाही.

सहा पूर्ण होऊनही हात लगेच दुखत असेल, मूल लिहायची वेळ आली की पोट दुखतंय म्हणत असेल, कागदाला नाक लावत असेल किंवा फळ्यावरचं उतरवताना सारखं शेजारी डोकावत असेल, तर आधी डोळे तपासून घ्यायला सांगा. मग गरज वाटली तर बालरोगतज्ज्ञ. स्वतः निदान करू नका, पालकांसमोर तर मुळीच नाही.

पालक विचारणारच

'शेजारचा मुलगा वाक्यं लिहितो, आमच्याची वही अजून कोरी कशी?' हा प्रश्न पहिल्या दोन महिन्यांत येतो. त्यावर मुलांच्या विकासाचं व्याख्यान देऊ नका, पालकांना ते पटत नाही. प्रत्येक मुलाची एक फाईल ठेवा आणि महिन्यातून दोनदा त्याचा एक कागद तारीख टाकून त्यात लावा. पालक आले की पहिला आणि आजचा कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवायचे आणि गप्प बसायचं.

घरी काय करू, असं विचारलं तर वही देऊ नका. बाजाराची यादी मुलासोबत लिहा, आजीला चिठ्ठी पाठवा, डब्यांना नावं चिकटवा. आणि मुलाने 'सखर' असं लिहिलेली चिठ्ठी डब्यावर लावली, तर महिनाभर ती तशीच राहू द्या.